कालव्यावरचा विकिपीडिया लेख कितपत भरवशाचा, हे कसं ओळखायचं

विकिपीडियावर कुठल्याही कालव्याचं पान उघडा, पहिल्या नजरेत ते बरंच दिसतं. बाजूला चौकट, त्यात लांबी, उद्घाटनाचं साल, इंजिनीयरचं नाव, वरून काढलेला एखादा मस्त फोटो, खाली इतिहास आणि शेवटी बारक्या निळ्या आकड्यांची रांग. आपण त्यातली लांबी आणि साल उचलतो आणि निघतो, कोणाला मुलीच्या प्रोजेक्टला हवं असतं, कोणाला एमपीएससीच्या नोट्सना, कोणाला ग्रुपवरच्या वादात समोरच्याला गप्प करायला. काही हरकत नाही. पण लेख खरंच भरवशाचा आहे का नुसता नटवलाय, हे अर्ध्या-पाऊण तासात कळू शकतं आणि त्याला सिव्हिलची डिग्री लागत नाही. थोडा संशयी स्वभाव लागतो, तो आपल्याकडे असतोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. देवळावरचा किंवा पुतळ्यावरचा लेख तपासणं वेगळं आणि कालव्यावरचा वेगळं, कारण कालवा एकदा बांधला आणि झालं असं नसतं. तो रुंद करतात, खोल करतात, त्याला फाटे काढतात, त्याचा अर्धा भाग दुसऱ्याच कालव्याला जोडून टाकतात, कुठे अस्तरीकरण करतात, कुठे त्याच्या काठावर शहर येऊन बसतं. म्हणून कालव्याच्या लेखात आकडा दिसला की दोन प्रश्न विचारायचे. कधीचा? आणि कशाकशाचा? या दोन्हींची उत्तरं त्याच पानावर मिळाली तर लेख लिहिणाऱ्याने डोकं वापरलंय असं समजा. खाली जे काही सांगतेय ते सगळं फिरून फिरून याच दोन प्रश्नांवर येतं.

बिल्ला बघा, पण त्याची तारीखही बघा

इंग्रजी विकिपीडियावर लेखांना ग्रेड असतात. सगळ्यात खाली स्टब, मग स्टार्ट, सी, बी, मग गुड आर्टिकल, ए आणि सगळ्यात वर फीचर्ड. फीचर्डला पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारा दिसतो, गुड आर्टिकलला हिरवं अधिकचं चिन्ह. बाकीच्या ग्रेड चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या 'टॉक' पानावर, असतात, मोबाईलवर सापडलं नाही तर डेस्कटॉप व्ह्यू करा. आता गंमत अशी की स्टब ते बी या ग्रेड कोणीही स्वयंसेवक लावू शकतो, बऱ्याचदा तो लेख नीट न वाचताच लावून पुढच्या पानावर गेलेला असतो. गुड आर्टिकलला साधारण एकच परीक्षक असतो, तो लेखकापेक्षा वेगळा असावा लागतो आणि त्याची चर्चा जपून ठेवलेली असते, ती वाचायला मिळते. फीचर्डला बरेच जण मिळून पिसं काढतात.

पण हा बिल्ला मिळाला तेव्हाच्या लेखाला मिळालेला असतो, आजच्या नाही. समजा एखाद्या लेखाला पंधरा वर्षांपूर्वी हिरवं चिन्ह मिळालं आणि त्यानंतर त्यात शेकडो एडिट झाले, तर ते चिन्ह तुम्हाला आजच्या मजकुराबद्दल फार काही सांगत नाही. चर्चा पानावर तारीख असते, ती बघा, मग इतिहास टॅबमध्ये जाऊन त्या तारखेची आवृत्ती उघडा आणि आजच्या आवृत्तीशी ताडून बघा. कुठला भाग नंतर शिरला ते रंगात दिसतं. नंतर शिरलेलं सगळं वाईटच असतं असं नाही, पण तपासायची सुरुवात तिथून करायची.

बी ग्रेडसाठी सहा गोष्टी बघतात, संदर्भ, व्याप्ती, मांडणी, भाषा, चित्रं-चौकटी आणि समजायला सोपं आहे का. चांगल्याच आहेत, पण कुठल्याही विषयाला लावता येतील अशा आहेत. कालव्याचे म्हणून जे खास प्रश्न असतात ते आपल्यालाच विचारावे लागतात.

लांबी, सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी

सुएझपासून सुरू करू. १८६९ साली, १७ नोव्हेंबरला, तो वाहतुकीला खुला झाला तेव्हा त्याची लांबी १६४ किलोमीटर होती. आज १९३.३० किलोमीटर देतात. दोन्ही बरोबर, कारण मधल्या काळात कालवा खोल आणि मोठा करताना दोन्ही टोकांना समुद्रातली वाट लांबवत नेली. आता चौकटीत १६४ आणि मजकुरात १९३ असेल आणि कुठेच वर्ष दिलं नसेल तर लेखक दोन वेगळ्या ठिकाणांहून उचलून मोकळा झालाय हे समजायला वेळ लागत नाही. २०१५ मध्ये तिथे आणखी एक ३५ किलोमीटरची नवी वाट काढली, ती मधल्या भागातली समांतर वाट आहे, जहाजांना दोन्ही दिशांनी एकाच वेळी जाता यावं म्हणून. ते ३५ एकूण लांबीत मिळवायचे नसतात. लेखात कुठे २२८ असा आकडा भेटला तर कोणीतरी कॅल्क्युलेटर चालवलाय.

पण सुएझ म्हणजे नुसती एक रेघ आहे, सिंचनाच्या कालव्याचं खरं त्रांगडं बघायचं तर हरिद्वारचा गंगा कालवा घ्या. ८ एप्रिल १८५४ ला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हाच्या हिशोबात मुख्य प्रवाह ३४८ मैल, शाखा ३०६ मैल, आणि लहान वितरिका, म्हणजे आपण ज्यांना चाऱ्या-पोटचाऱ्या म्हणू त्या, ३,००० मैलांच्या वर. म्हणजे 'कालव्याची लांबी किती' याची तिथल्या तिथे तीन उत्तरं झाली आणि तिघांची बेरीज करणारा चौथा कोणीतरी असतोच. त्यात दुसरीकडे मुख्य कालव्याची लांबी २७२ मैल अशीही वाचायला मिळते. लगेच चूक म्हणून ओरडू नका. १८७० च्या दशकात खाली नरोऱ्याहून आणखी एक कालवा काढला, त्याला खालचा गंगा कालवा म्हणतात, आणि कानपूर-इटावा शाखांचा खालचा भाग त्याच्याकडे गेला. त्यामुळे त्याच्या आधीचं माप आणि नंतरचं माप एक येणारच नाही. चांगला लेख हे एका वाक्यात सांगून टाकतो. कच्चा लेख वरच्या आणि खालच्या कालव्याची खिचडी करतो, लांबी एकाची, ओलिताचं क्षेत्र दोघांचं, फोटो तिसऱ्याच ठिकाणचा.

ओलिताच्या क्षेत्राचंही तेच. एकूण लाभक्षेत्र वेगळं, त्यातलं लागवडीलायक वेगळं, आणि या वर्षी खरंच पाणी पोचलं ते वेगळं. नीरेच्या किंवा मुठेच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याची जमीन आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. विकिपीडियावर मात्र 'इतके लाख हेक्टर जमीन सिंचित होते' असं ठोकून दिलेलं असतं आणि संदर्भ उघडला तर तो प्रकल्पाच्या मूळ आराखड्याचा निघतो, म्हणजे तेवढी व्हावी अशी इच्छा होती.

युनिट

जुन्या कालव्यांची मापं मैल, फूट, एकर आणि पौंडात असतात आणि लेखात ती किलोमीटर-मीटरमध्ये बदललेली असतात. विकिपीडियावर त्यासाठी आपोआप रूपांतर करणारा साचा आहे, तो वापरला असेल तर गणित बरोबर असतं, हाताने केलं असेल तर देवाला माहीत. एक खूण सांगते. 'साधारण ३५० मैल' चं '५६३.२७ किलोमीटर' झालेलं दिसलं तर समजायचं की मूळ माप ढोबळ होतं आणि कोणीतरी त्याला उगाच दशांशाचा मुलामा दिलाय.

विसर्गाचा आकडा तपासायला थोडा हिशोब करून बघायचा. गंगा कालव्याची मूळ क्षमता साधारण ६,७५० क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) होती, पुढे वाढवून ती १०,५०० च्या आसपास नेली. १०,५०० क्युसेक म्हणजे किती हे आपल्याला असं डोळ्यासमोर येत नाही, पण एक क्युसेक दिवसभर वाहिला की ८६,४०० घनफूट पाणी होतं, म्हणजे १०,५०० क्युसेकचं दिवसाला साधारण ०.९ टीएमसी, म्हणजे ०.९ अब्ज घनफूट. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. म्हणजे हा कालवा पूर्ण क्षमतेने चालला तर खडकवासला दोन-सव्वादोन दिवसांत रिकामं करेल. आता हा हिशोब डोक्यात असला की एखाद्या लेखात कोणी क्युसेकच्या जागी क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, लिहून ठेवलं असेल तर लगेच खटकतं, कारण दोघांत पस्तीस पटींचा फरक आहे. १०,५०० क्युमेक म्हणजे कालवा नाही, पूर आला.

खर्चाच्या आकड्याबद्दल एवढंच, 'आजच्या किमतीत इतके कोटी' असं लिहिलं असेल आणि कुठल्या वर्षाच्या किमतीत ते नसेल तर तो आकडा सोडून द्या.

कालवा चालतो कसा हे कळतंय का

माझ्या मते इथे लेखाची खरी परीक्षा होते आणि बहुतेक लेख इथेच नापास होतात. सगळा लेख वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, पाणी कुठून घेतलं, ते पुढे कसं सरकतं, वाटेत नद्या-ओढे आडवे आले तर काय केलं?

गंगा कालव्याचंच बघा. हरिद्वार ते रुरकी हे अंतर तीसेक किलोमीटरचं, पण शिवालिकच्या डोंगरातून येणारे चार प्रवाह कालव्याला आडवे येतात, पावसाळ्यात दणकून वाहणारे आणि एरवी जवळपास कोरडे. राणीपूर आणि पथरी हे दोन कालव्याच्या डोक्यावरून नेले, म्हणजे खाली कालवा आणि वरून ओढा. धनौरीला रतमऊ आणि कालवा एकाच पातळीत समोरासमोर येऊ दिले आणि दारं लावून पाण्याचं नियंत्रण केलं. आणि रुरकीला सोलानी नदी, तिथे उलटं, नदी खालून आणि कालवा वरून, पन्नास पन्नास फुटांच्या १५ कमानींच्या जलसेतूवरून. चार अडथळे आणि त्यांवर तीन वेगळे उपाय, तेही १८५० च्या आसपास. ज्या लेखात हे नुसतं 'अनेक अभियांत्रिकी आव्हानांवर मात करून' अशा वाक्यात गुंडाळलंय तो लेख लिहिणाऱ्याला कालवा दिसलेलाच नाही, कागदावरसुद्धा नाही. 'भव्य', 'अद्भुत चमत्कार', 'मैलाचा दगड' असली विशेषणं जिथे दाटीने असतात तिथे बहुतेक माहिती नसते, हा माझा ठाम अनुभव आहे.

जहाजांच्या कालव्याला प्रश्न थोडे बदलतात. सुएझला लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे दारांचे पाण्याचे कप्पे, नाहीत, एका समुद्रातून दुसऱ्यात सरळ पाणी. पनामाला जहाज गातून तलावापर्यंत समुद्रसपाटीपासून साधारण २६ मीटर वर चढवतात आणि दुसऱ्या बाजूला परत उतरवतात. त्या प्रत्येक चढ-उताराला तलावातलं गोडं पाणी समुद्रात सुटतं, म्हणूनच २०२३ च्या दुष्काळात तिथे रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. लेखात लॉकचं वर्णन आहे पण ते पाणी येतं कुठून हे नाही, तर लेख अर्धा आहे.

पनामासाठी आणखी एक छोटी परीक्षा आहे, मला ती फार आवडते. लेखात दिशा काय दिलीय ते बघा. पॅसिफिक पश्चिमेला आणि अटलांटिक पूर्वेला, म्हणून कालवा पूर्व-पश्चिम असेल असं कोणीही न बघता लिहून टाकतं. नकाशा उघडा. कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो आणि पॅसिफिककडचं टोक अटलांटिककडच्या टोकापेक्षा पूर्वेला आहे. ज्याने हे बरोबर लिहिलंय त्याने लिहिताना नकाशा समोर ठेवला होता.

नकाशावरून आठवलं, फोटोही तपासा. फोटोवर क्लिक केलं की कॉमन्सचं, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे साठवतात त्या साइटचं, पान उघडतं, तिथे कुठे आणि कधी काढला ते असतं. गंगा कालव्याच्या लेखात हर की पौडी या हरिद्वारच्या घाटावरचा आरतीचा फोटो असणारच, पण तो प्रवाह नदी म्हणायचा की कालवा यावरून सरकारी पातळीवर वाद झालेत, २०१६ मध्ये उत्तराखंड सरकारने त्या पट्ट्याला एस्केप चॅनल, म्हणजे जादा पाणी सोडायचा कालवा, ठरवलं आणि २०२० मध्ये तो आदेश मागे घेतला. फोटोखालच्या ओळीत नुसतं 'गंगा नदी' असेल तर कालव्याच्या लेखात तो फोटो काय करतोय ते कोणीतरी सांगायला हवं.

उद्घाटनानंतर काय?

कालव्यांच्या लेखांची एक जुनी खोड आहे. सर्वेक्षण, मंजुरी, पैशांची ओढाताण, खोदाई, उद्घाटन, सगळं तपशिलात, आणि उद्घाटनाची फीत कापली की लेख संपला. पुढची दीडशे वर्षं दोन परिच्छेदांत. म्हणून मी हल्ली मधूनच वाचायला सुरुवात करते, सरळ उद्घाटनानंतरच्या भागावर जाते.

गंगा कालव्याच्या लेखात काय सापडायला हवं? दरवर्षी साधारण दसरा ते दिवाळी कालवा सफाईसाठी बंद ठेवतात, तेव्हा हर की पौडीवर पाणी पार उतरतं. दिल्लीच्या पिण्याच्या पाण्याचा एक हिस्सा या कालव्यातून जातो. पथरी आणि मोहम्मदपूरला कालव्याच्या उतारावर वीज तयार होते. हरिद्वार २००० पासून उत्तराखंडात आहे पण पाणी मुख्यतः उत्तर प्रदेशाच्या शेतांना जातं, त्यातून आलेली कटकट. यातलं काहीच नसेल तर तो लेख १८५४ मध्येच थांबलाय.

याच्या उलटही होतं. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं, २३ ते २९ तारखेपर्यंत, आणि जगभरातले लोक एडिट करायला धावले. अशा वेळी लेखात त्या सहा दिवसांना जेवढी जागा मिळते तेवढी १९६७ ते १९७५ या आठ वर्षांना मिळत नाही, जेव्हा सुएझ पूर्ण बंद होता. कुठल्या भागाला किती ओळी दिल्यात हे नुसतं स्क्रोल करतानाच दिसतं.

'सध्या' या शब्दावरही लक्ष ठेवा. इंग्रजी विकीवरच्या बऱ्याच जुन्या लेखांत १९११ च्या ब्रिटानिकातला किंवा ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधला मजकूर तसाच्या तसा आहे, कॉपीराइट संपल्यामुळे ते चालतं, तळाला तशी टीपही असते. पण मग 'सध्या कालव्यातून इतकं उत्पन्न मिळतं' मधलं सध्या म्हणजे १९०८. टोनही तेव्हाचाच, साहेबाने रयतेवर उपकार केले असा.

कोणाची बाजू आलीय

गंगा कालव्याचा कर्ता म्हणून प्रोबी कॉटलीचं नाव येतं आणि ते योग्यच आहे, १८३७-३८ च्या दुष्काळानंतर त्याने हे काम नेटाने लावून धरलं. पण १८६० च्या दशकात आर्थर कॉटनने, हो, नावं इतकी सारखी की लेखांत गोंधळ होतोच, त्याच्या रचनेवर जाहीर टीका केली होती, की सुरुवात हरिद्वारला इतकी वर नको होती, उतार जास्त ठेवलाय, पाण्याचा वेग जास्त आहे. कॉटन म्हणजे दक्षिणेत गोदावरीच्या मुखाजवळ बंधारा बांधणारा माणूस, म्हणजे बोलायचा अधिकार असलेला. शिवाय हरिद्वारच्या पुरोहितांचा विरोध, पुढे मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये सरकारशी झालेला करार, काही भागांत पाणी साचून जमिनी क्षारपड होणं, हे सगळं कालव्याच्याच गोष्टीचा भाग आहे. लेखात फक्त कौतुक असेल तर तो एका बाजूचा आहे, आणि फक्त 'इंग्रजांनी लुटलं' असेल तरीही एका बाजूचाच.

मजुरांच्या मृत्यूंचे आकडे फार जपून वाचा. सुएझसाठी १,२०,००० हा आकडा सगळीकडे फिरतो. २६ जुलै १९५६ ला कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर करताना इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी भाषणात तो सांगितला होता. म्हणून तो लगेच खोटा ठरत नाही, सक्तीच्या मजुरीवर तिथे माणसं मेली हे खरंच आहे, पण 'खोदताना १,२०,००० मजूर मेले' आणि 'नासर यांच्या म्हणण्यानुसार' यांत फरक आहे आणि चांगला लेख दुसरं लिहितो. पनामाचंही तसंच, तो आधी फ्रेंचांनी आणि मग अमेरिकनांनी खोदला, अमेरिकन काळातले ५,६०९ हे नोंदलेले मृत्यू आहेत, फ्रेंच काळातले साधारण २२,००० हा अंदाज आहे. दोन्हींची बेरीज करून एकच ठणठणीत आकडा दिला असेल तर नोंद आणि अंदाज एकत्र कालवलेत.

पुण्यातलं जवळचं उदाहरण. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरात पाणी शिरलं. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी, खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं सांगितलं होतं, त्यावर पुणेकरांनी काय काय म्हटलं ते इथे नको. विकिपीडियावर हे लिहायचं तर 'मंत्र्यांनी असं कारण दिलं' असंच यायला हवं. 'खेकड्यांमुळे कालवा फुटला' असं सरळ विधान दिसलं तर तिथे बोट ठेवा.

संदर्भ उघडून बघायचे, मोजायचे नाहीत

लेखाखाली ऐंशी संदर्भ आहेत म्हणून लेख चांगला, असं काही नसतं. तीन-चार निवडा आणि उघडा. सोपे निवडू नका, उद्घाटनाची तारीख सगळीकडे बरोबरच असते. त्याऐवजी असं वाक्य घ्या ज्यात आकडा आहे, दावा आहे किंवा 'जगातील पहिला', 'आशियातील सर्वात मोठा' असं काही आहे. लिंक उघडली, ती उघडते का? मेलेली असेल तर वेबॅक मशीनची, म्हणजे जुनी वेबपेजेस साठवून ठेवणाऱ्या साइटवरची, प्रत जोडलीय का? पुस्तक असेल तर पान नंबर दिलाय का? आणि महत्त्वाचं, तिथे खरंच तेच लिहिलंय का? बऱ्याचदा वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला आधार असतो आणि दुसरा अर्धा कोणीतरी नंतर हळूच चिकटवलेला असतो, आकडा मात्र वाक्याच्या शेवटी असल्यामुळे सगळ्यालाच आधार असल्यासारखं दिसतं.

'सुरू झाला' या शब्दाचाही संदर्भात जाऊन अर्थ काढा. गंगा कालव्यात १८५४ ला समारंभाने पाणी सोडलं पण सिंचन सुरू झालं १८५५ मध्ये. पनामातून पहिलं अधिकृत जहाज गेलं १५ ऑगस्ट १९१४ ला, औपचारिक घोषणा झाली १९२० मध्ये. म्हणून दोन लेखांत दोन सालं दिसली की आधी नेमकं काय सुरू झालं ते बघायचं.

मग संदर्भांचा दर्जा. कॉटलीने स्वतः १८६० मध्ये छापलेला कामाचा रिपोर्ट सोन्यासारखा आहे, पण तो ज्याने काम केलं त्याचाच आहे, त्यामुळे मापांसाठी घ्यायचा आणि 'काम किती छान झालं' यासाठी नाही. टूर कंपनीचा ब्लॉग, परीक्षेच्या क्लासची वेबसाइट, 'दहा अद्भुत कालवे' छाप यादी, हे बघितलं की पुढे जा. आणि एक चक्र असतं ते ओळखायला शिका, विकिपीडियावर कोणीतरी बिनआधाराचा आकडा टाकतो, कुठलीतरी वेबसाइट तो उचलते, मग दुसरा कोणीतरी त्या वेबसाइटचाच संदर्भ विकिपीडियावर जोडतो, झालं पक्कं. पकडायचं कसं? इतिहास टॅबमध्ये जाऊन तो आकडा पहिल्यांदा कधी आला ते शोधा आणि त्या वेबपेजची तारीख बघा. पेज नंतरचं असेल तर संदर्भ बाद.

लेखाच्या वर 'संदर्भ हवेत' ची पिवळी-केशरी पट्टी असेल तर निदान कोणाला तरी काळजी आहे एवढं कळतं. पट्टी नसेल तर एवढंच की अजून कोणी बघितलं नाही, किंवा बघून कंटाळा केला.

मराठी विकीवरच्या कालव्यांबद्दल

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि आपल्या कालव्यांवर तिथे फार कमी आहे. जे असतं ते पुष्कळदा दोन ओळींचं, नाहीतर इंग्रजीतून मशीनने ओतलेलं, वाचताना धाप लागते. दोन ओळींचा पण आधार असलेला लेख मी चांगला समजते, लांबलचक ओतीव लेखापेक्षा कधीही. तपासताना एक बघा, लिहिणाऱ्याला आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी), चारी, टेल, पाणीपट्टी हे माहीत आहे का, की सगळा लेख उद्घाटन आणि 'परिसर सुजलाम सुफलाम झाला' यावरच आटोपलाय. आधाराला जिल्हा गॅझेटियर आहेत, जलसंपदा खात्याचे अहवाल आहेत, महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा, म्हणजे चितळे आयोगाचा, १९९९ चा अहवाल आहे, वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं आहेत. साधनं नाहीत म्हणायला जागा नाही.

आणि चूक सापडली तर नुसतं 'विकिपीडिया बेकार' म्हणून टॅब बंद करू नका. आकड्याला वर्ष नसेल तर चर्चा पानावर लिहा, 'लांबी दोन ठिकाणी वेगवेगळी आहे, मुख्य कालव्याची कुठली आणि शाखांसकट कुठली?' एवढं पुरतं. संदर्भ हाताशी असेल तर स्वतःच दुरुस्त करा आणि एडिटच्या सारांशात काय केलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर पुढचा माणूस उलटवून टाकेल. तुमच्या शेतापर्यंत पाणी चार वर्षं आलं नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असलं तरी ते लेखात घालता येत नाही, त्याला कुठेतरी छापून आलेला आधार लागतो, हा नियम जाचक वाटतो पण त्यामुळेच खालच्या गावचा माणूस उलटं काहीतरी लिहून जाऊ शकत नाही. कोरड्या चारीचा फोटो मात्र तुम्ही काढून कॉमन्सवर टाकू शकता. फक्त तारीख, गावाचं नाव आणि कुठल्या कालव्याची कुठली चारी ते खाली नीट लिहा.